व्हेनिस ते अथेन्स, तंबू घेऊन

युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो जेवणाचा. ओळखीतले बहुतेक जण आपल्याच टूरवाल्यांबरोबर जाऊन आलेले. रोज हॉटेल, संध्याकाळी वरण-भात, बसमध्ये अंताक्षरी. त्यात वाईट काही नाही. पण आमच्या घरातल्या गृहस्थांच्या अंगात पन्हाळा-पावनखिंड अजून शिल्लक आहे, आणि मुलीने नेटवर अशी एक बस शोधून दिली की जी व्हेनिसहून निघते, अथेन्सला पोचते आणि मधल्या जवळजवळ सगळ्या रात्री कॅम्पसाइटवर तंबूत काढायच्या. स्वयंपाक पाळीपाळीने. बसमध्ये वीस-बावीस माणसं. जास्त करून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची, थोडे इंग्रज, दोन कोरियन मैत्रिणी आणि कोल्हापूरचे आम्ही दोघं. पन्नाशी ओलांडलेलं जोडपं आमचं एकटंच.

व्हिसा इटलीचा, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो काढला. सामानात दोन स्लीपिंग बॅगा, हेडलॅम्प, कपडे वाळत घालायची दोरी आणि किलोभर चटणी. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसणीची लाल चटणी, हे बाहेरगावच्या लोकांसाठी सांगून ठेवते.

निघण्याआधी आम्ही एक ठरवलं. एका गावात एकच गोष्ट नीट बघायची. बाकीचं जाता-येता दिसेल ते दिसेल. बसटूरमध्ये एका शहराच्या वाट्याला दीड दिवस येतो, आणि त्या दीड दिवसात सगळं उरकायला गेलेल्या माणसाला शेवटी रांगाच जास्त आठवतात.

शनिवार, फुसिना

व्हेनिसमध्ये तंबू ठोकायला जागा कुठली असणार! कॅम्प समोरच्या काठावर, फुसिना नावाच्या ठिकाणी. एका बाजूला मार्गेराच्या कारखान्यांची धुराडी, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पलीकडे लांबवर व्हेनिसचे मनोरे. तंबूच्या अगदी समोरून मालवाहू जहाजं जातात. पहिलं गेलं तेव्हा सगळे कॅमेरे घेऊन धावले, नंतर कोणी मान वर करेना.

टूर लीडर मुलगी पंचविशीची. तिने तंबू कसा उभारायचा ते एकदा दाखवलं आणि मग ज्याचं त्याने. आधी आतला तंबू, मग वरची फ्लायशीट, दोन्हीत हात जाईल एवढं अंतर, नाहीतर पहाटेचं दव आत उतरतं. खुंटी तिरकी ठोकायची, डोकं तंबूपासून लांब. नवऱ्याने पंधरा मिनिटांत तंबू उभा केला आणि शेजारच्या दोन इंग्रज पोरांचाही करून दिला. तेव्हापासून त्यांचं नाव ‘अंकल’ पडलं ते अथेन्सपर्यंत. जूनमध्ये तिथे नऊ वाजता दिवेलागण होते. डास मात्र वेळेच्या आधीच हजर होते.

रविवार, व्हेनिस

फुसिनाहून व्हेनिसच्या झात्तेरे धक्क्याला बोट जाते, अर्ध्या तासाच्या आतच. बोटीतून जाणं हाच व्हेनिसला पोचायचा खरा मार्ग. रस्त्याने येणाऱ्यांना आधी बस स्टँड दिसतो.

आमची इथली एक गोष्ट म्हणजे सेंट मार्क चर्चचे चार घोडे. चर्चच्या दर्शनी भागावर दिसतात ते नकली. अस्सल घोडे आतल्या संग्रहालयात, वर जिना चढून गेल्यावर. १२०४ साली धर्मयुद्धाला निघालेल्या फौजेने वाटेत कॉन्स्टँटिनोपल लुटलं, त्या लुटीत हे आले. १७९७ मध्ये नेपोलियनने ते पॅरिसला पळवले आणि तो पडल्यावर १८१५ मध्ये परत आले. चोराच्या घरी चोरी झाली आणि माल पुन्हा पहिल्या चोरालाच मिळाला! जवळून बघितलं तर अंगावर बारीक बारीक ओरखडे दिसतात. मुलाम्याची चकाकी डोळ्यांवर येऊ नये म्हणून ते मुद्दाम काढले असावेत असं म्हणतात. मान वळवलेली, एक पाय उचललेला, तोंडं एकमेकांकडे. नवरा तिथून हलेचना. त्यांच्या आजोबांकडे टांगा होता, त्यामुळे घोड्याच्या बाबतीत त्यांचं मत घरात शेवटचं असतं. त्यांनी पास केले.

बाहेर आल्यावर कॉफी उभ्याने प्यायली. इटलीत काउंटरशी उभं राहून प्यायलात तर एक भाव, खुर्चीवर बसलात तर दुसरा, आणि चर्चसमोरच्या त्या चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर तिसराच.

सोमवार, रस्त्यात

बसच्या ड्रायव्हरविषयी लिहायलाच हवं. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाला नऊ तासांवर गाडी हाकता येत नाही; आठवड्यातून दोनदाच दहा. सगळं टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं आणि पोलीस कधीही थांबवून ते तपासतात. त्यामुळे ‘दादा, जरा पुढे घ्या ना’ हा प्रकार नाही. आमचा ड्रायव्हर पोर्तुगीज. विश्रांतीच्या वेळात तो बसच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून टोमॅटो कापून खायचा, आणि तो पाऊण तास संपेपर्यंत त्याला कोणी काही विचारलेलं खपायचं नाही. आपल्याकडचे रात्रभर स्टिअरिंगवर बसणारे ट्रॅव्हल्सवाले आठवले आणि हा नियम फार आवडला.

दुपारी फ्लॉरेन्सबाहेरच्या टेकडीवर ऑलिव्हच्या झाडांखाली तंबू पडले.

मंगळवार, फ्लॉरेन्स

बाकीची मंडळी सकाळी मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघायच्या रांगेत गेली. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? मी म्हटलं, आमचा राजा. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे.

आर्नो नदीच्या काठाने कॅशिने नावाची लांबलचक बाग आहे. ट्रामने बागेच्या सुरुवातीला उतरायचं आणि नदी डाव्या हाताला ठेवून अगदी शेवटच्या टोकापर्यंत चालत राहायचं, चांगले तीनेक किलोमीटर. पळणारी माणसं, सायकली, कुत्री, बाबागाड्या. जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, त्या संगमावर लोखंडी कठड्याच्या आत एक छत्री उभी आहे. अगदी आपल्याकडची असते तशी, खांब आणि वर घुमट. आणि आत रंगीत अर्धपुतळा. पगडी, अंगावर दागिने, कोवळा चेहरा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे.

१८७० मध्ये ते इंग्लंडला गेले होते, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबरला वारले. वय जेमतेम विशीचं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहन ही गोष्टच तिथे चालत नव्हती. नगरपालिकेने खास परवानगी दिली आणि आपल्या रिवाजाप्रमाणे नदीच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, अग्निसंस्कार झाले. छत्री १८७४ मध्ये उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे आमच्या कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला तेच. पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. महाराज त्या प्रवासात रोजनिशी लिहीत असत. ती १८७२ मध्ये लंडनमध्ये छापूनही निघाली.

मागे नदीवर तारांनी तोललेला १९७८ सालचा एक मोठा पूल आहे. त्याचं नाव ‘इंडियानो’, म्हणजे ‘भारतीय’. त्यावरून रोज हजारो गाड्या जातात आणि रेडिओवर ‘इंडियानोवर वाहतूक तुंबली’ म्हणून सांगत असतील, पण हा इंडियानो म्हणजे करवीरचा छत्रपती, हे त्यातल्या कितींना माहीत असणार?

आम्ही कठड्याबाहेरून नमस्कार केला. नवऱ्याने चपला काढल्या, ते बघून सायकलवरचा एक आजोबा थांबला. भाषा येत नव्हती. मी पुतळ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, आणि म्हटलं, ‘कोल्हापूर’. आजोबाने कोरलेल्या अक्षरांवर बोट फिरवत फिरवत नेमक्या त्या नावावर आणून ठेवलं आणि टोपी काढली.

दुओमोचा, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचा, घुमट लांबून पाहिला. ४६३ पायऱ्या आहेत म्हणे. असोत.

बुधवार-गुरुवार, रोम

रोमच्या कॅम्पवरची जमीन दगडासारखी. खुंट्या वाकल्या, आत शिरेनात. शेवटी दोऱ्या झाडांना आणि शेजाऱ्यांच्या तंबूला बांधल्या. मोठ्या बसेसना जुन्या शहरात शिरायला महागडे परवाने लागतात, म्हणून बस कॅम्पवरच राहिली आणि आम्ही सिटी बस, मग मेट्रो असे तासभर हेलकावे खात आत गेलो.

इथली एक गोष्ट, पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ. १९०० वर्षांचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंडाची सळई नाही, व्यास ४३ मीटरच्या वर, आणि मधोमध आभाळाला उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो. जमिनीला किंचित उतार आणि पाणी जायला बारीक भोकं आहेत. सगळे मान वर करून फोटो काढत होते, नवरा खाली बसून ती भोकं मोजत होता. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेल्या माणसाबरोबर फिरताना हे चालवून घ्यावं लागतं. २०२३ पासून आत जायला तिकीट आहे, सुरुवातीला ते पाच युरोचं होतं.

रोमचं मला सगळ्यात पटलेलं काय असेल तर रस्तोरस्ती चोवीस तास वाहणारे नळ. थंडगार, पिण्याचं, फुकट. तोटीला वरच्या बाजूला एक भोक असतं. खाली बोट लावून तोटी बंद केली की वरून कारंजं उडतं आणि वाकून पिता येतं. दोन युरोची बाटली विकत घेणाऱ्यांची मला कीव आली. कोलोसियम बाहेरून पाहिलं. बस झालं.

शुक्रवार, पाँपेई

कॅम्प पाँपेईच्या दारात, रस्ता ओलांडला की प्रवेशद्वार. संत्री-लिंबाची झाडं, आणि मागे व्हेसुव्हियस, ज्याने इसवी सन ७९ मध्ये हे सगळं गाव राखेत पुरलं.

तिथे मन लागलं ते देवळा-नाट्यगृहात नाही, रस्त्यावर. फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड ठेवलेले, त्यांच्यामध्ये चाक जाईल एवढीच फट. म्हणजे पाणी-घाण खालून वाहू दे, माणसाचे पाय कोरडे. भटारखान्यात काळ्या लाव्हाची कमरेएवढी जाती, खाली शंकू, वर डमरूसारखा पोकळ दगड, गाढव जुंपून फिरवायची. नाक्यानाक्यावर खाणावळी. गल्ल्याच्या ओट्यातच मोठाली मडकी तोंडापर्यंत पुरलेली, ओटा तुटक्या रंगीत संगमरवराने सजवलेला. मी एका मडक्यात वाकून बघितलं. तळाशी कोणीतरी बसचं तिकीट टाकलं होतं.

त्या रात्री स्वयंपाकाची पाळी आमची. बावीस माणसांचा मसालेभात करायचा बेत होता, पण दुकानात मिळाला तो रिझोत्तोचा गोल, चिकट तांदूळ. त्याचा मोकळा भात सात जन्मात होणार नाही. मग बेत बदलला आणि मसुराची सरसरीत खिचडी टाकली. वरून ऑलिव्ह तेलात लसूण, लाल मिरची आणि चटणीची फोडणी. फोडणी बसली तशी शेजारच्या जर्मन कॅराव्हॅनमधली माणसं बाहेर आली. पातेलं धुवायला फार घासावं लागलं नाही. न्यूझीलंडची एक शिक्षिका तर चमचा घेऊन पातेल्याशीच बसली होती, डोळ्यांतून पाणी आणि हात थांबेना.

शनिवार, नेपल्स आणि बारी

नेपल्सला बस तीन तास थांबली, पिझ्झासाठी. पिझ्झा आम्ही हातात धरून चालता चालता खाल्ला आणि पुराणवस्तू संग्रहालयात गेलो. तिथे एक ‘गुप्त दालन’ आहे. पाँपेईत सापडलेल्या शृंगारिक वस्तू सभ्य लोकांच्या नजरेला पडू नयेत म्हणून पूर्वी कुलपात ठेवत, आता सगळ्यांना खुलं. त्या दालनात वीतभराहून थोडी उंच, हस्तिदंती, दागिन्यांनी मढलेली एक बाई उभी आहे. डाव्या-उजव्या बाजूला दोन छोट्या दासी. ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात तिला, लक्ष्मी असो की यक्षी. १९३८ मध्ये सापडली. डोक्यातून खाली भोक आहे, म्हणजे आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावा.

हिच्या बहिणी कुठे सापडल्या आहेत? जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला. जवळजवळ तोच घाट. सातवाहनांच्या काळात तेर, म्हणजे तेव्हाचं तगर, इथला माल पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांवर उतरून रोमनांकडे जात होता. ही मूर्ती मराठवाड्यातूनच गेली असं छातीठोक सांगता येत नाही, पण घराणं ओळखू येतं. आणि तिकडून इकडे? कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती निघाली. आमच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. शाळेच्या सहलीत तिच्यासमोरून रांगेने पुढे ढकलले गेलो होतो, ‘हात लावू नका’ एवढंच ऐकत. इथे मी काचेला नाक लावून दागिने बघितले. कोपरापासून मनगटापर्यंत बांगड्या, पायात जाड वाळे, मागे वेणीचा भरगच्च साज. बसकडे परतताना पळावं लागलं.

मग संध्याकाळी बारी बंदर. बस बोटीच्या पोटात गेली, आम्ही वर. आमचं तिकीट डेकचं, म्हणजे जिथे जागा मिळेल तिथे अंग टाकायचं. या बोटीवर खरे दर्दी ट्रक ड्रायव्हर. ते सपाता घालून, उशी काखेत मारून चढतात आणि कुठला कोपरा एसीपासून लांब आहे ते त्यांना पाठ असतं. आम्ही एका आडदांड ग्रीक ड्रायव्हरच्या पाठोपाठ गेलो आणि तो पहुडला त्याच्या शेजारी स्लीपिंग बॅगा पसरल्या. झोप उत्तम लागली. उरलेली मंडळी आरामखुर्च्यांच्या हॉलमध्ये रात्रभर कुडकुडत होती.

रविवार-सोमवार, मेतेओरा

पहाटे इगुमेनित्सा. घड्याळ एक तास पुढे. तिथून एग्नातिया महामार्ग, डोंगरच्या डोंगर पोखरून नेलेला, एक बोगदा संपतो तोवर दुसरा. हा होण्याआधी पिंडस पर्वतातून वळणावळणाने जावं लागे, असं ड्रायव्हरने सांगितलं आणि शिट्टी वाजवली.

कास्त्राकी गावातला कॅम्प खडकांच्या पायथ्याशीच. तंबूची चेन उघडली की समोर सरळ आभाळात गेलेले सुळके. जवळ जाऊन बघावं तर खडक एकसंध नाही. नदीतले गोटे चिकटवून थापल्यासारखा. फार पूर्वी इथे नदीचं मुख होतं, तिने आणून टाकलेला गाळ-गोट्यांचा हा थर. सह्याद्रीचा काळा कातळ बघायची सवय असलेल्या नवऱ्याने नख लावून पाहिलं आणि म्हणाले, “अगं, याच्यावर चढायचं म्हणजे देवावर भरवसाच पाहिजे.”

सुळक्यांच्या माथ्यावर मठ. एकेकाळी चोवीस होते, आता सहा चालू आहेत. त्यातले दोन जोगिणींचे. आम्ही व्हारलाम निवडला. पायऱ्या १९२० च्या दशकात खोदल्या; त्याआधी माणसं जाळ्यात बसून दोराने वर ओढली जात. तो बुरूज, ते रहाट आणि दोर अजून आहे. दोर कधी बदलता, असं विचारल्यावर ‘देव तोडेल तेव्हा’ असं उत्तर मिळायचं म्हणतात. आत १२,००० लिटरचं ओकच्या लाकडाचं जुनं पिंप आहे. एवढं लाकूड वर चढवलं कसं, यावर नवऱ्याचं आणि एका ऑस्ट्रेलियन सुताराचं अर्धा तास चाललं. बायकांना पँट चालत नाही, दारात गुंडाळायला फडकं देतात. मी पंजाबी ड्रेसवर होते, तरी दारावरच्या बाईने ओढणीकडे पाहून मान डोलावली आणि फडकंही दिलं.

मंगळवार, डेल्फी

वाटेत थर्मोपिली. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इथल्या चिंचोळ्या खिंडीत स्पार्टाच्या लिओनिदासने इराणी फौज अडवली. आता खिंड राहिलेली नाही, नदीच्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे हटला आहे. पावनखिंडीची सवय असलेल्या माणसाला सपाट शेतातून ही लढाई डोळ्यांपुढे आणायला जड जातं. पण रस्त्याच्या पलीकडे गंधकाच्या गरम पाण्याचा ओढा आहे. पुतळ्यापाशी पाच मिनिटं आणि ओढ्यात तासभर अशी आमची वाटणी झाली.

डेल्फीचा कॅम्प डोंगराच्या कडेवर, खाली समुद्रापर्यंत नुसती ऑलिव्हची झाडं. इथली एक गोष्ट म्हणजे संग्रहालयातला कांस्याचा सारथी. पुरा माणसाएवढा, अडीच हजार वर्षांचा. रथ गेला, घोडे गेले, डावा हात गेला. उजव्या हातात लगाम आहेत. आणि पापण्यांचे केस. तांब्याच्या पत्र्याचे बारीक कातरून लावलेले केस, आजही एकेक वेगळा दिसतो. खाली लांब अंगरख्याखालच्या पावलांच्या नसाही कोरल्या आहेत, ज्या रथात उभं असताना कोणाला दिसणारच नव्हत्या.

बुधवार-गुरुवार, अथेन्स

शेवटचा कॅम्प सगळ्यात रद्दी. हायवेच्या कडेला, रात्रभर ट्रक. बाथरूमच्या पाण्याबद्दल न बोललेलं बरं.

अॅक्रोपोलिसला, म्हणजे जुन्या देवळांच्या टेकडीला, आता वेळेचं तिकीट काढावं लागतं, २०२५ पासून ते ३० युरो झालं आहे. सकाळी आठचं काढा. दहानंतर वर सावली नाही आणि लाखो पायांनी गुळगुळीत झालेला संगमरवर घसरतो. रबरी तळव्याचे बूट हवेत. वरच्या पार्थेनॉन देवळाचं मधलं अंग फुटलेलं आहे ते काळाने नाही. १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा ठेवला होता, त्यावर व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला. ज्या व्हेनिसमध्ये आम्ही घोड्यांचं कौतुक करून आलो तेच हे! नवरा म्हणाला, “घोडे नापास.”

दुपारी कॅम्पवर तंबू परत केले. टूर लीडर प्रत्येक पिशवीतल्या खुंट्या मोजून घेत होती, कमी भरल्या तर पैसे कापणार. इंग्रज पोरांच्या सहा कमी. नवऱ्याने रोमपासून वाकलेल्या खुंट्या गोळा करून, दगडावर ठोकून सरळ करून ठेवल्या होत्या. त्यातल्या सहा त्यांना दिल्या आणि उरलेल्या खुंट्या बाकीच्या मंडळींत वाटायला बसले.

शिक्षिकाबाईंना मी उरलेली चटणी दिली. अर्धाच चमचा घाला, असं तीनदा सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं, ‘दोन’.